दंडाचं लुगडं

बाजारात भाजी घ्यायला गेले की कोणी ना कोणी हटकतंच, "काय सुमनताई, आज कुठल्या शाळेचं गॅदरिंग?" त्यांचंही चूक नाही. माझ्या अंगावर इरकली नऊवारी असते, कोपरापर्यंत बाह्या असलेली खणाची चोळी असते आणि केसांचा जुन्या पद्धतीचा खोपा असतो. बाकीच्या बाया गाऊनवर ओढणी टाकून मेथीची जुडी निवडत असतात आणि मी त्यांच्यात नाटकातून पळून आल्यासारखी दिसते. "गॅदरिंग नाही बाई, भेंडी घ्यायला आलेय," असं मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे. लोकांना दरवेळी नव्यानं हसू येतं.

धाराशिवला आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकांना, शाळांच्या गॅदरिंगला, जयंतीच्या मिरवणुकांना कपडे भाड्यानं देण्याचं दुकान. ते काढलं माझ्या सासऱ्यांनी. जातीनं आणि हातानं शिंपी, पण नवं शिवायचा भारी कंटाळा. जुने कपडे जमवण्याचा मात्र नाद असा, की लग्नाला गेले तरी जेवणाआधी यजमानांच्या घरातल्या ट्रंकांची चौकशी करायचे. मी सून म्हणून आले तेव्हा घरात माणसं पाच होती आणि कोट पन्नासच्या वर. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "ह्या घरात जित्या मानसाला खुंटी न्हाय." मीही पहिल्या वर्षी त्यांच्याच बाजूनं होते. पुढं तोच रोग मला लागला आणि सासऱ्यांपेक्षा जास्त चढला.

आमच्या धंद्यात कपडे दोन तऱ्हेचे. एक नाटकी, म्हणजे सॅटिनचे, चमकीचे, लांबून बघायचे. मावळ्याचा अंगरखा, राजाचा टोप, परीचे पंख. दुसरे खरे, म्हणजे कोणीतरी कधीतरी अंगावर वागवलेले. खऱ्या कपड्याला भाडं तेवढंच मिळतं आणि जपायला चौपट लागतं, म्हणून शहाणा धंदेवाला तो ठेवत नाही. आम्ही शहाणे नव्हतो. आमच्याकडे निजामाच्या अमदानीतल्या गोंड्याच्या रुमी टोप्या होत्या, शेरवान्या होत्या, खादीचे कोट होते आणि लुगडी तर विचारूच नका. ज्या पोरीनं सॅटिनची शिवलेली नऊवारी घातलेली असते ती स्टेजवर नाचते. तिलाच खरं इरकली नेसवा, ती आधी चालते, मग थांबते, मग पदर सावरते. तिला कोणी शिकवलेलं नसतं. जड सुताला आपली एक चाल असते, ती अंगात येते.

अर्थात नाड्याच्या तयार नऊवाऱ्याही मी शेकड्यांनी शिवल्या आहेत. पोट त्यांच्यावरच चाललं. नाकं मुरडायला मी काही आकाशातून पडलेली नाही.

एक नियम सासऱ्यांनी घालून दिलेला. दुकानातल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूनं, लाल दोऱ्यानं नंबर शिवायचा. शाई धुण्यात जाते, दोरा जात नाही. भाड्याचा कपडा जातो तो परत येण्यासाठी जातो, आणि परत आला की नंबर बघून आपल्या जागी बसतो. नंबर नसलेला कपडा आमच्या दुकानात नव्हताच. माझ्या स्वतःच्या लुगड्यांनासुद्धा नंबर आहेत, न जाणो एखाद्या शाळेला कमी पडलं तर.

माल यायचा कुठून? बराचसा हौसाबाईंकडून. हौसाबाई बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात डबा, पातेलं, चाळणी द्यायची, हा त्यांचा धंदा. आठवड्याच्या शेवटी गाठोडं आमच्या ओट्यावर सुटायचं. "ताई, ह्यात तुझ्यासारखं एक येडं कापड हाय बघ," असं म्हणून त्या आधी चहा मागायच्या आणि मग गाठ सोडायच्या.

अशाच एका गाठोड्यातून काळी शेरवानी आली. गळ्याशी बारीक कशिदा, आतून रेशमी अस्तर, एक बटण नसलेली. मी धुऊन, उन्हात घालून, नंबर शिवून टांगली. पुढच्याच महिन्यात गल्लीतले इनामदारकाका शाळेच्या कार्यक्रमाला टोपी बघायला आले आणि शेरवानीपाशी उभेच राहिले. बराच वेळ बाही हातात धरून होते.

"सुमनबाई, ये हमारे अब्बांची," ते म्हणाले. "तहसीलला जाताना घालायचे. बटन म्याच तोडलं होतं, ल्हानपनी."

त्यांच्या सुनेनं ट्रंक रिकामी करताना ती हौसाबाईंना एका झाकणाच्या डब्यावर दिली होती. मी तिथल्या तिथं शेरवानी काढली, घडी घातली आणि पुढं केली. काकांनी हात मागं घेतला. "घरी नेली तर पुन्हा डब्यावर जाईल. हितंच ऱ्हाऊ द्या, हितं बरी हाय." तेव्हापासून दर ईदला सकाळी ते येतात, शेरवानी घालून नमाजाला जातात आणि संध्याकाळी स्वतः परत आणून टांगतात. भाडं मी घेत नाही, पण ते शिरखुर्म्याचा डबा आणतात. झाकणाचा, स्टीलचा. तो तोच डबा आहे का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सगळीच गिऱ्हाइकं अशी नसतात. तेरखेड्याच्या एका वरातीला मी जरीकाठी धोतरं दिली होती. त्या गावात फटाक्यांना तोटा नाही हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. धोतरं परत आली तेव्हा त्यांतून पीठ चाळता आलं असतं. आणि अलीकडे ती लग्नाआधीच्या फोटोंची टूम. नळदुर्गच्या किल्ल्यात एका जोडप्यानं माझं जुनं जांभळं लुगडं गवतातून असं फरफटवलं, की मी घरी बसून त्यातली कुसळं काढत होते आणि त्या दोघांना माझ्या ठेवणीतल्या शिव्या देत होते. फोटो मात्र छान आले होते. मुलगी गोड दिसत होती. मग राग कुठवर टिकणार?

हे सगळं सांगून झालं, आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेल्यावर, दुकानात एक मुलगी आणि एक आजी आल्या. मुलीचं नाव प्रज्ञा. लातूरला दवाखान्यात नर्स. आजी म्हणजे पारूबाई, तिच्या वडिलांची आई, भूमकडच्या ईट गावच्या. ऐंशी पार केलेली, काटक बाई, डोळ्यांवर जाड भिंगं. प्रज्ञानं पिशवीतून एक पांढरं लुगडं काढून फळीवर ठेवलं.

"मावशी, महिनाभरानं माझं लग्न आहे. आमच्यात नवरी पांढरं नेसते. हे आजीचं दीक्षेच्या दिवशीचं लुगडं आहे. मला हेच नेसायचंय. नऊवारी कोणाला येत नाही घरी, आजीचे हात चालत नाहीत. तुम्ही नेसवाल का?"

नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतर आमच्याकडे गावोगाव दीक्षा झाल्या, हे मी ऐकून होते. पण त्या दिवशी अंगावर असलेला कपडा मी हातात कधी घेतला नव्हता. खरं सांगते, माझ्यातली जमवणारी बाई पहिल्या क्षणाला जागी झाली. हे माझ्या कपाटात हवं, असं वाटलंच. मी घडी उलगडली आणि ते वाटणं जागीच थंडावलं.

जुना कपडा अंगावर फाटत नाही, घडीवर मरतो. खळ दिलेलं सूत एकाच घडीत वर्षानुवर्षं ठेवलं की घडीची रेघ कागदासारखी कडक होते आणि एक दिवस तिथंच चिरते. म्हणून दरवर्षी घडी बदलायची असते. पारूबाईंनी कडुनिंबाचा पाला बदलला होता, ऊन दिलं होतं, पण घडी मात्र हट्टानं त्या दिवशीचीच ठेवली होती. जागोजाग रेघा पडल्या होत्या. शिवाय लुगड्याला काठच नव्हता. दोन्ही कडा हातशिलाईनं दुमडलेल्या आणि मधोमध दंड.

दंड म्हणजे काय ते आताच्या मुलींना सांगावं लागतं. लुगडं विरतं ते आधी मधल्या भागात. पूर्वी गरिबाघरी तेवढा विरलेला भाग कापून टाकायचे आणि उरलेले दोन चांगले तुकडे जोडायचे. कधी दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडेही एकत्र यायचे. ती जोडाची आडवी शिवण म्हणजे दंड. दंड घातलेलं लुगडं नेसून बाई चारचौघांत गेली की बघणारीला तिच्या घरची परिस्थिती कळायची.

मी प्रज्ञाला सांगितलं, "काष्टा घातला की सगळी ओढ काष्ट्यावर येते. हे नेसलं तर एकदाच. पुन्हा उघडायला काही उरायचं नाही."

"एकदाच हवंय मला," ती म्हणाली.

पारूबाई आतापर्यंत बाकावर बसून रुमी टोप्या बघत होत्या. त्या तिकडं बघतच बोलल्या, "ते माझं हाय. जायच्या वक्ताला."

प्रज्ञाला कळलं नाही. मला कळलं. पुष्कळ म्हाताऱ्या एक लुगडं बाजूला काढून ठेवतात, शेवटच्या दिवसासाठी. घरच्यांना सांगतही नाहीत, ट्रंकेत तळाला ठेवतात.

"कुठं जायच्या?" प्रज्ञानं विचारलं आणि विचारता विचारता तिचा चेहरा उतरला. मग ती आजीशेजारी बसली. "मला कधी बोलली नाहीस. राहू दे मग. मी दुसरं नेसते."

"आता कसं ऱ्हाऊ दे? तोंडातनं शब्द काढलास न्हवं? तूच नेस. मला कशात बी न्या."

"नाही, आजी. तुझं तुलाच."

"तूच घे म्हनते ना!"

दोघींचं आवाज चढवून भांडण सुरू झालं. एवढ्या वर्षांत दुकानात एका कपड्यावरून पुष्कळ भांडणं बघितली, पण ती 'मला हवं' म्हणून असायची. हे 'तूच घे' म्हणून होतं आणि दोघी रडकुंडीला आल्या होत्या. मी मधे काय बोलणार? हात रिकामे नको म्हणून लुगडं चाचपत होते. बोटं दंडावर आली. आणि माझ्या डोक्यात आलं, की अगं, हे तर मुळात दोन तुकडेच आहेत.

"आजी, मी हा दंड उसवू का?" मी विचारलं. "तुम्ही हो म्हणाल तरच."

"उसव," त्या म्हणाल्या. "आत काय हाय ते मला ठावं हाय."

शिवण दुहेरी दुमडून घातलेली होती, टाके बारीक आणि एकसारखे. चार बोटं उसवली आणि मी थांबले. शिवणीच्या आत कापड हिरवं होतं. चांगलं गडद, चुड्याचं असतं तसं हिरवं. वर पांढरं, खाली पांढरं आणि मधे ती हिरवी रेघ.

प्रज्ञा वाकून बघायला लागली. "आजी, हे काय?"

मग पारूबाई बोलल्या. आधी हळू, मग रंगात येऊन.

"दीक्षेला पांढरं नेसून या म्हनले. पांढरं आनायचं कुठनं? माझं लगीन होऊन वरीस बी झालं नव्हतं. घरात दोनच लुगडी, एक सासूचं, एक माझं, दोन्ही हिरवी आन् दोन्ही मधी इरलेली, एकाच बाजूला धड. सासू म्हनली, तुजं अर्धं आन् माजं अर्धं. दंड घातला तिनं. मंग काठ फाडून काढले, ते लाल व्हते, ते जायाचे न्हायत. आन् ह्ये चुलीवर उकळलं. सोड्यात, राखंत. वढ्यावर नेऊन आपटायचं, उन्हात टाकायचं, वाळलं की पुन्हा उकळायचं. रंग कच्चा व्हता म्हून गेला, शिवनीत दबलेला तेवढा ऱ्हायला. हात सोलून निघाले माझे. शेजारच्या बाया म्हनायच्या, आगं नवी नवरी तू, पांढरं नेसती व्हय? पांढरं रांडव बाईचं, हिरवं सवाशनीचं. सासू म्हनली, त्यांचं त्यांच्यापाशी. आजपसून आपलं पांढरं चांगलं."

"आणि सासू काय नेसल्या?" मी विचारलं.

"सासऱ्याचं धोतर," असं म्हणून पारूबाई इतक्या हसल्या, की भिंगं काढून पुसावी लागली. "धोतर नेसून माझ्या म्होरं उभी ऱ्हायली, ऐटीत. तिच्याइतकी देखनी बाई म्या त्या दिशी दुसरी बघितली न्हाय."

हे प्रज्ञानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी माझा विचार सांगितला. हे दोन तुकडे आहेत तर दोन होऊ देत. एक आजींचा, ट्रंकेत. दुसऱ्याला नवं पांढरं सुती कापड जोडायचं. नवं काष्ट्याला जाईल, ओढ सोसेल. जुनं पदराला येईल, पदरावर काही जोर पडत नाही.

पारूबाईंचा चेहरा एकदम बदलला. "म्हंजी दंडाचं लुगडं? लग्नात?"

"हो, पण..."

"जल्मभर दंडाची नेसली म्या. बाजाराला, कामाला, लोकाच्या लग्नाला. लोक आधी दंड बघायचे, मंग तोंड. आन् आता शिकल्या-सवरल्या नातीला बी दंडाचंच नेसवू? सोलापूरची मानसं येनार हायत तिच्या सासरची. काय म्हनतील?" त्या खरोखर चिडल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या.

मी घाईनं म्हणाले, "दंड दिसायचा नाही, आजी. मी निऱ्यांच्या आत घेते. कोणाला पत्ता लागणार नाही."

"लपवू नका, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "आजी, तुझ्या सासूनं दंड घातला होता ना? मग माझाही दिसायलाच हवाय. कोणी विचारलं तर मी सांगेन."

"काय सांगशील?"

"तू आत्ता सांगितलंस ते."

पारूबाई परत बाकावर बसल्या. बाहेरून रिक्षावाला हॉर्न वाजवून गेला, एक गिऱ्हाईक पगड्या आहेत का विचारून गेलं. मग पारूबाईंनी हात पुढं केला. "सुई दे. दंड म्याच घालनार. तू मशीन मारशील, ते नगं."

उरलेला दंड मी उसवला आणि सुई ओवून दिली, तेवढंच माझं काम. माझ्या दुकानाच्या फरशीवर पाय पसरून त्या बसल्या. हात थरथरत होते, पण कापडाला टेकले की थांबत होते. हिरवी कड त्यांनी शिवणीच्या आत पुन्हा नीट दुमडून घेतली. मधे एकदा मान वर करून मला म्हणाल्या, "उरलेलं कापड बी बांधून दे. घरला नेते." नवं कापड मी ताग्यातून नऊ वार काढलं होतं, त्यातलं अर्धं शिल्लक होतं. म्हातारीची हौस म्हणून मी बांधून दिलं.

लग्न ईटलाच होतं, दुपारचं. मी नेसवायला सकाळीच गेले. प्रज्ञाच्या अंगावर ते लुगडं बसलं तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली, उगाच काय खोटं सांगू? एका खांद्यावरून पदर आला, जुन्या पांढऱ्याचा, जरासा पिवळसर, आणि कमरेच्या वर तो दंड, म्हातारीच्या हातचा, किंचित वाकडा. पाहुण्या बाया बघत होत्या. एकीनं हात लावून विचारलंच. प्रज्ञा तिला सांगायला लागली आणि बघता बघता भोवती घोळका झाला.

इतक्यात आतल्या खोलीतून हाक आली. "सुमनबाई, हिकडं ये गं!"

आत गेले तर पारूबाई अर्धं लुगडं कमरेला गुंडाळून उभ्या. काष्टा हातात, तो मागं खोचायला हात पुरत नव्हता. माझ्याकडून नेलेलं नवं कापड खाली आणि ट्रंकेत ठेवायचा तो दुसरा तुकडा वर पदराला. मधे दंड. घरी बसून महिनाभर टाका टाका करून घातलेला.

"आजी, हे तर तुम्ही ठेवणार होतात," मी म्हणाले.

"मेल्यावर मला काय दिसनार हाय? नातीचं लगीन दिसतंय तवर नेसते. आमच्या सासूला बी बघू दे, तिचं अर्धं आन् माझं अर्धं पुन्हा एका मांडवात आलं म्हून. खोच तो काष्टा."

मी खोचला. पदर काढला. त्यांचा चेहरा पंधरा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता आणि मला हुंदका आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "मग जायच्या वेळेला काय नेसणार?"

पारूबाईंनी पदर सारखा केला. "तुझं दुकान हाय न्हवं एवढं लुगड्यांचं? दे एक पांढरं. भाड्याचं आसलं तरी चालंल." दाराशी जाऊन त्या वळल्या. "पर परत मागाया येऊ नगं!"

आणि हसत हसत मांडवात गेल्या. वंदना सुरू झाली तेव्हा आजी आणि नात समोरासमोर हात जोडून उभ्या होत्या.

धाराशिवला परतल्यावर मी कपाटातलं सगळ्यात चांगलं पांढरं लुगडं काढलं. बारीक सुताचं, विणीला घट्ट. धुऊन खळ काढून टाकली, सावलीत वाळवलं. मग कोपऱ्यातला लाल नंबर उसवला. सासरे असते तर ओरडले असते, किंवा नसते ओरडले, सांगता येत नाही.

पारूबाई अजून ठणठणीत आहेत. फोनवर माझी तब्येत विचारतात, आणि दुकानाची. ते लुगडं मी मधूनमधून काढते, ऊन देते आणि घडी बदलून ठेवते.

दुकान आता सून बघते. परवा एका शाळेच्या बाई आल्या होत्या, नाटकाला पांढरं लुगडं हवं होतं. मी ऊन देऊन फळीवर ठेवलेलं तेच त्यांच्या नजरेला पडलं.

"हेच द्या, किती सुंदर आहे!"

"ते दिलेलं आहे," मी म्हणाले.

"मग परत आलं की आम्हाला द्या. आमचं गॅदरिंग लांब आहे अजून."

मी लुगड्याची घडी घातली आणि कपाटात ठेवलं.

"ते परत यायचं नाही, बाई."